हा अवतार कोणाच्या रक्षणार्थ?

अवतार हा शब्द आपल्या समाजाने फार जपून वापरला आहे. ‘अव’ म्हणजे खाली व ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे. जो वर समर्थ आहे त्याने खालच्या असमर्थांसाठी उतरून येणे, हा या शब्दाचा गाभा. मत्स्य, वराह, वामन यांच्या कथा पाहिल्या तर प्रत्येक वेळी संकट दुसऱ्याचे होते आणि ते निवारण्याचे ओझे उतरणाऱ्याने आपल्या शिरावर घेतले होते, असे दिसेल. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तर ही कल्पना पोथीत बंद राहिलेली नाही. भीमा-अमरजेच्या संगमाजवळ वसलेल्या गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींस दत्तावतार मानून आजही मराठी आणि कानडी भाविक एकाच रांगेत उभे राहतात. हुमनाबादेजवळील माणिकनगरी श्रीमाणिकप्रभूंची (१८१७–१८६५) गादी त्याच श्रद्धेने नांदते आहे. या शब्दाचे मोल येथील माणसास कोणी शिकविण्याची गरज नाही.

तो शब्द आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उतरला आहे. १९८५ साली अमेरिकेत निघालेल्या एका संगणकीय खेळाने तो आपल्या नावात घेतला, १९९२ च्या एका इंग्रजी कादंबरीने तो लोकप्रिय केला, आणि आज पडद्यावर माणसाच्या वतीने वावरणाऱ्या चित्रास जगभर ‘अवतार’ म्हणतात. आपण आपले छायाचित्र द्यावे, यंत्राने त्यावरून आपल्यासारखी एक बाहुली रेखाटावी. आपण चाललो की बाहुली टवटवीत व्हावी, बसून राहिलो की सुस्तावावी. किराणा भरताना पालेभाजी घेतली की तिने टाळ्या वाजवाव्या, बिस्किटांचा पुडा घेतला की मान खाली घालावी, अशी ही योजना आहे. लोकांना व्यायामास व सकस आहाराच्या खरेदीस प्रवृत्त करण्याचा आधुनिक उपाय म्हणून तिची भलावण केली जाते.

या योजनेस आमचा विरोध आहे. तो यंत्रास नाही, आणि पवित्र शब्द बाटला म्हणूनही नाही. खरा अवतार दुसऱ्याचे ओझे उचलण्यासाठी उतरतो. हा नवा अवतार मात्र ज्यांनी ओझे वाहावयाचे त्यांच्या शिरावरून ते अलगद उतरवितो आणि दुर्बळाच्या डोक्यावर ठेवितो. राज्यसंस्थेचे कर्तव्य, व्यापाऱ्याचे उत्तरदायित्व आणि समाजाची सोबत या तिन्हींच्या जागी तो एक हसरी बाहुली उभी करतो. आमचा आक्षेप या अदलाबदलीस आहे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. न्यायालयात काय किंवा नियतकालिकात काय, प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून सांगणे हा पळपुटेपणा होय. पूर्वपक्ष असा की, रोग खरा आहे आणि मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींवर आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटींवर सांगितली. जगातील देशांची तुलना करणाऱ्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे देताना देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे आहे, असे नमूद केले. डॉक्टर थोडे, रोगी अमाप. मग प्रत्येकाच्या खिशात जे यंत्र आहेच त्यास उपदेशक केले तर काय बिघडले? केंद्र सरकारनेही २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू केली आणि बरोबर दोन वर्षांनी तिचे अ‍ॅप आणले. बेंगळुरूच्या एका कंपनीने तर २०१७ मध्येच आहारसल्ला देणारी ‘रिया’ नावाची यंत्रसहायिका निर्माण केली. या सर्वांत बाहुली असतेच असे नाही, परंतु पद्धत एकच आहे: माणसाच्या पावलांचा आणि घासांचा हिशेब ठेवावयाचा व त्यावरून त्यास शाबासकी किंवा समज द्यावयाची.

पूर्वपक्षास शास्त्राचाही थोडा आधार आहे, तोही मान्य केला पाहिजे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यी आणि बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली असे दाखविले की, माणसास जे रूप पडद्यावर मिळते त्यास साजेसे तो वागू लागतो. पुढे २००९ साली फॉक्स आणि बेलेन्सन यांनी लोकांस त्यांच्याच चेहऱ्याची बाहुली धावताना दाखविली. ज्यांनी स्वतःस धावताना पाहिले त्यांनी इतरांपेक्षा अधिक व्यायाम केला. अवताराच्या पुरस्कर्त्यांचे सारे मंदिर या पायावर उभे आहे. परंतु तो पाया किती खोल आहे? त्या व्यायामाची मोजणी पुढील चोवीस तासांपुरती होती. मधुमेह चोवीस तासांचा नसतो.

दीर्घ मुदतीत काय होते, याचे प्रात्यक्षिक जगाने २०१६ साली पाहिले. ‘पोकेमॉन गो’ नावाच्या खेळाने त्या वर्षी कोट्यवधी तरुणांस रस्त्यावर आणले. भ्रमणध्वनी हाती घेऊन, गल्लीबोळांत हिंडून, काल्पनिक प्राणी पकडावयाचे असा तो खेळ. ज्यांनी आयुष्यात फेरफटका मारला नाही ते मैल मैल चालू लागले, तेव्हा आरोग्यवेत्त्यांसही आनंद झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात हिशेब प्रसिद्ध झाला: पहिल्या आठवड्यात दररोज सरासरी ९५५ पावले वाढली, पुढे ती घटत गेली आणि सहाव्या आठवड्यात पूर्वस्थिती आली. नवलाई ओसरली, पाय थांबले. ज्या बाहुलीपाशी इतके पैसे, इतकी कल्पकता आणि इतका उत्साह होता तिला जे दोन महिने साधले नाही, ते एखाद्या खात्याने निविदा काढून बनविलेल्या बाहुलीस साधेल असे मानणे हा भाबडेपणा आहे.

आणि ज्या दहा हजार पावलांचा मंत्र ही यंत्रे जपत असतात त्याचे मूळ तरी कोठले? १९६५ साली जपानमधील यामासा या कंपनीने पावले मोजणारे एक उपकरण विकावयास काढले; त्याचे ‘मानपो-केई’ हे नाव म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. संख्या विक्रीच्या सोयीची होती, वैद्यकातून आलेली नव्हती. वृद्ध स्त्रियांविषयी २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाकाठी ४४०० पावलांनीही मृत्युदर लक्षणीय घटलेला दिसला, आणि ७५०० च्या पुढे अधिक लाभ दिसेनासा झाला. व्यापाऱ्याची जाहिरात साठ वर्षांत शास्त्रवचन कशी होते, त्याचा हा धडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

खरेदीच्या बाबतीत तर पुरावा अधिकच बोलका आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका विमा कंपनीने आपल्या सभासदांस सकस पदार्थांच्या खरेदीवर २५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ केली. संशोधकांनी त्या खरेदीच्या पावत्या तपासल्या तेव्हा २५ टक्के सूट मिळणाऱ्यांच्या एकूण अन्नखर्चात सकस अन्नाचे प्रमाण ९.३ टक्क्यांनी वाढलेले आढळले. टोपली बदलली ती किंमत बदलल्याने. त्याहून मोठे उदाहरण चिली देशाचे. तेथील सरकारने जून २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक यांचे प्रमाण मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर काळी अष्टकोनी इशारामुद्रा सक्तीची केली, लहान मुलांस उद्देशून त्यांच्या जाहिराती करण्यास मनाई केली आणि शाळांतून त्यांची विक्री बंद केली. त्यानंतर दीड वर्षात अशा अतिगोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. तेथे कोणाचीही बाहुली रडली नव्हती की हसली नव्हती. एक कायदा झाला होता.

या सर्वांतून निष्पन्न होते ते असे: मनधरणीने दिवस बदलतो, किंमतीने टोपली बदलते आणि कायद्याने बाजार बदलतो. ज्याच्या हाती किंमत आणि कायदा आहे त्याने मनधरणीचे खेळणे पुढे करावे, यास आम्ही कर्तव्यच्युती म्हणतो.

आता ही योजना आपल्या सीमाभागात आणून पाहू. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी हजारो कुटुंबे आहेत. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात आला. या मुलखाच्या मागासलेपणाची दखल घेऊन राज्यघटनेत ३७१(ञ) हे अनुच्छेद घालावे लागले. येथील तूर उपटणारी, कापूस वेचणारी, डोक्यावर घागर घेऊन येणारी स्त्री दिवसभरात किती पावले चालते, हे तिला यंत्राने सांगावयास हवे काय? तिच्या दुखण्याचे नाव आळस नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या; त्याच पाहणीप्रमाणे स्वतः वापरावयास साधा का होईना भ्रमणध्वनी असलेल्या स्त्रिया ५४ टक्केच होत्या. म्हणजे जिला अन्नाची खरी गरज आहे तिच्यापर्यंत अवतार पोहोचतच नाही, आणि पोहोचला तरी तो तिला ‘आणखी चाल’ एवढेच सांगणार.

ज्यास चालण्याची गरज आहे तो तालुक्याच्या गावचा दुकानदार, कारकून, शिक्षक, आणि आमच्या व्यवसायातले लोक. त्याने चालावे कोठे? उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा ४० अंशांच्या वर जातो. सकाळ-संध्याकाळच्या दोन घटका तेवढ्या हाती राहतात, आणि त्या वेळी पादचाऱ्यासाठी म्हणून जी अरुंद पट्टी असते तीवर दुचाक्या, टपऱ्या आणि उघडी गटारे यांचे राज्य असते. सडकेवर दिवा नसेल तर घरची सून किंवा मुलगी तिन्हीसांजेनंतर फिरावयास जाणार नाही. मग बाहुलीने तिला कितीही गुण देऊ केले तरी ते व्यर्थ होत. पदपथ आणि दिवा ही नगरपालिकेची कामे आहेत. बाहुली तो खर्च वाचवून देते, हेच तिचे खरे आकर्षण असावे अशी शंका आम्हांस येते.

आहाराची कथा याहून विचार करावयास लावणारी आहे. हा मुलूख ज्वारीचा आणि तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कडक भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची भाजी हे येथील गरिबाचे जेवण. आजचा कोणताही आहारतज्ज्ञ याहून फारसे वेगळे काही सुचविणार नाही. मग या ताटाचे झाले काय? जुलै २०१३ पासून ‘अन्नभाग्य’ योजनेने स्वस्त तांदूळ घरोघर आणला. त्या तांदळाने पुष्कळांची उपासमार टाळली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु जेथे पिकते ज्वारी तेथे रेशनच्या दुकानी वर्षानुवर्षे मुख्यत्वे तांदूळच मिळत राहिला तर चुलीवरचा तवा उतरणार आणि भाताचे पातेले चढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. तिकडे २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि भाकरी शहरातील श्रीमंतांचे पथ्य ठरली. कलबुर्गीच्या बचतगटांच्या भगिनींनी ज्वारीच्या भाकरीस स्वतःची मुद्रा मिळवून दिली. दररोज तीन हजारांहून अधिक भाकऱ्या तेथे होतात आणि भ्रमणध्वनीवरून त्यांची मागणी नोंदविली जाते, असा गौरव पंतप्रधानांनी २९ जून २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये केला. त्या भगिनींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. पण त्यातील विपर्यासही पाहावा: कलबुर्गीची भाकरी बेंगळुरूच्या ताटात जाते, आणि कलबुर्गीच्या खेड्यातल्या पोरास पाच रुपयांची खारट, तेलकट, चकचकीत पुडी मिळते, कारण ती प्रत्येक टपरीवर टांगलेली असते व भाजलेले चणे शोधावे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जादा पाच किलो तांदळाऐवजी तूरडाळीचा समावेश असलेला शिध्याचा संच देण्याचा निर्णय घेतला. अशा एका निर्णयात जितकी पोषणशक्ती असते तितकी एक लाख बाहुल्यांत नाही.

येथे राज्यघटनेचे स्मरण करून देणे आम्हांस प्राप्त आहे. अनुच्छेद ४७ म्हणते की, लोकांचे पोषणमान व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्यसंस्थेने आपल्या प्राथमिक कर्तव्यांपैकी मानावे. कर्तव्य कोणाचे, ते घटनाकारांनी संदिग्ध ठेवलेले नाही. नागरिकाची मूलभूत कर्तव्ये सांगणारे अनुच्छेद ५१(क) आहे; त्यात दररोज अमुक पावले चालण्याचे कर्तव्य घातलेले नाही. कलबुर्गीस डिसेंबर २०२४ मध्ये ३७१ खाटांचे जयदेव हृदयरोग रुग्णालय सुरू झाले. पूर्वी छातीत कळ आली की सोलापूर वा हैदराबाद गाठावे लागे, त्या प्रदेशास हे वरदानच आहे. परंतु खाट हा शेवटचा उपाय होय. वेष्टनावरील खरी माहिती, मुलांस उद्देशून होणाऱ्या जाहिरातींस आळा, रस्त्याकडेचा पदपथ, शाळेतील मैदान हे उपाय खाटेच्या फार आधी येतात, आणि तेच नेमके कूर्मगतीने चालतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये वेष्टनावर तारे छापण्याचा एक मसुदा काढला. ताऱ्यांऐवजी स्पष्ट इशारा हवा असे अनेक आरोग्यवाद्यांचे म्हणणे पडले; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयास तीन महिन्यांची मुदत घालून शिफारशी मागवाव्या लागल्या. पुड्यावर चार शब्द छापावयास एवढी वर्षे लागतात. बाहुली मात्र अल्पावधीत तयार होते. कारण उघड आहे. पुड्यावरील शब्द विक्रेत्यास बोचतात, बाहुली फक्त खरेदीदारास बोचते.

आणखी एक प्रश्न हिशेबवहीचा. ही बाहुली आपले वजन, झोप, नाडी, जेवण, खरेदी आणि जाण्यायेण्याची ठिकाणे यांची नोंद ठेविते. ती नोंद कोणाच्या कपाटात राहते? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. त्या कायद्याप्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. मराठी आणि कानडी त्या अनुसूचीत प्रारंभापासून आहेत; कोंकणी १९९२ पासून आहे. तेव्हा या मासिकाच्या वाचकांनी एक गोष्ट पक्की करावी: जे यंत्र आपली संमती आपल्या भाषेत मागत नाही, त्यास ती देऊ नये. मुलांच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. काही अपवाद सोडता, अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. शाळांतून बाहुल्या वाटावयास निघालेल्या उत्साही मंडळींनी ते कलम आधी वाचावे.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२० साली आरोग्यविम्यात निरामयतेच्या सवलतींविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांप्रमाणे चालणाऱ्या विमेदारास गुण, कूपने, हप्त्यात सूट इत्यादी देता येते. वरवर पाहता यात सर्वांचे भलेच आहे. परंतु सूट ही दुधारी वस्तू आहे. जो चालतो त्याचा हप्ता घटला, तर जो चालू शकत नाही त्याच्या वाट्यास तुलनेने अधिक हप्ता येतो. संधिवाताने जखडलेली आजी, दोन पाळ्यांत काम करणारा कामगार, अंधारी गल्ली असलेली वस्ती यांची बाहुली कायमच सुस्तावलेली राहणार. आज ती नुसती मान खाली घालते. उद्या तीच साक्षीदार म्हणून पुढे येईल की रोग्याने स्वतःच स्वतःची हेळसांड केली. सांत्वन करणाऱ्याचे सोंग घेऊन पुरावा गोळा करणाऱ्यास घरात घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, हा आमच्या व्यवसायाचा पहिला सल्ला आहे.

यावर कोणी सिंगापूरचा दाखला देईल. तेथे सरकारने २०१५ पासून पावलांची राष्ट्रीय स्पर्धा चालविली आणि सकस खरेदीसही गुण ठेविले, हे खरे आहे. पण त्या नगरराज्यात सावलीचे पदपथ आहेत, आणि ३० डिसेंबर २०२२ पासून गोड पेयांवर साखरेप्रमाणे श्रेणी छापणे तेथे सक्तीचे आहे. तेथील बाहुली कर्तव्य बजावलेल्या सरकारच्या खांद्यावर उभी आहे. आमच्याकडे खांदा नाही आणि बाहुलीच तेवढी आणावयाची आहे.

आता धर्मप्रेमी वाचकांशी दोन शब्द. वर उल्लेखिलेल्या ‘पोकेमॉन गो’विरुद्ध सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहितयाचिका झाली. खेळातील अंडी हिंदू व जैन मंदिरांच्या ठिकाणी दाखविली जातात, त्यामुळे भावना दुखावतात, अशी तक्रार होती, आणि न्यायालयाने नोटिसा काढल्या. पडद्यावरील काल्पनिक अंड्याने आमच्या भावना दुखावतात. मग जत्रेच्या कमानीवर, देवाच्या नावाखाली, शीतपेयाच्या बाटलीचे पुरुषभर चित्र लागते तेव्हा त्या का दुखावत नाहीत? शुचितेचा विचार आम्ही चित्रापाशी थांबवितो आणि पोटापर्यंत नेत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देवस्थानांच्या प्रसादासाठी ‘भोग’ नावाची प्रमाणपत्र-योजना काढली. ती स्वयंपाकघराची स्वच्छता पाहते. पण स्वच्छ भांड्यात शिजविलेला अर्धा साखरेचा शिरा मधुमेह्यास स्वच्छच अपाय करतो, हे कोणत्या प्रमाणपत्रात लिहावे? एकादशीस साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा यांवर ताव मारून त्यास उपवास म्हणण्याची आमची पद्धत तर कोणत्याही बाहुलीस हसू आणील.

आणि तरीही समाजापाशी जे आहे ते यंत्रापाशी नाही. गाणगापुरास संगमावर स्नान करून भाविक काही किलोमीटर चालत देवळात येतात, दुपारी पाच घरी माधुकरी मागतात. श्रीमंतासही त्या दिवशी झोळी घ्यावी लागते आणि पडेल ते अन्न खावे लागते. आषाढीस गावोगावच्या दिंड्या पंढरीची वाट धरतात. त्यांत सत्तरीची म्हातारी रोज दहा-बारा मैल चालते आणि तिची पावले कोणी मोजीत नाही. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या परंपरेत दासोह म्हणजे आलेल्यास अन्न, आणि बसवकल्याणी बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायकास, म्हणजे अंगमेहनतीच्या कामास, पूजेची प्रतिष्ठा दिली. या सर्वांत चालणे आणि खाणे एकट्याचे नाही. दिंडीत मागे पडलेल्याचा हात धरावयास शेजारी असतो. बाहुली हात धरू शकत नाही. वारी वर्षाकाठी काही दिवसांचीच असते हे खरे, परंतु ती तेवढ्या दिवसांपुरतीच ठेवावी असा कोणत्या शास्त्राचा आदेश आहे?

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. सरकारकडे असे की, वेष्टनावर सर्वांना वाचता येईल असा इशारा, तोही प्रांताच्या भाषेत, सक्तीचा करावा. ज्वारीच्या मुलखात रेशनवर ज्वारी आणि डाळ नियमाने द्यावी. तालुक्याच्या गावी पदपथ व दिवे यांस अनुच्छेद ३७१(ञ) खाली येणाऱ्या निधीतून अग्रक्रम द्यावा. आणि हे होईपर्यंत बाहुल्यांवर सार्वजनिक पैसा खर्च करू नये. ज्यास स्वखुशीने बाहुली बाळगावयाची असेल त्याने अवश्य बाळगावी, पण तिची साक्ष विम्यात, नोकरीत किंवा शाळेत ग्राह्य धरू नये.

देवस्थानांच्या विश्वस्तांकडे मागणे याहून सोपे आहे, कारण त्यास ना कायदा लागतो, ना निविदा. आठवड्यातून एक दिवस महाप्रसादात ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण वाढावे. कोंकणी देवस्थानांनी आपल्याकडील उकड्या तांदळाची पेज आणि कडधान्याची उसळ यांस तोच मान द्यावा. नैवेद्याचे गोड चमचाभर पुरे. देव भावाचा भुकेला आहे असे आपणच सांगत असतो. सकाळी आणि संध्याकाळी प्राकाराचे दार लौकर उघडून, दिवे लावून, बायकांस व वृद्धांस प्रदक्षिणेच्या निमित्ताने तासभर निर्भयपणे चालू द्यावे. जत्रेच्या कमानीवर गोड पेयांची जाहिरात घेऊ नये. चार पैसे कमी मिळाले तर देवाचे काही अडत नाही. शेजारच्या गल्लीतील जो कोणी आजारामुळे चालावयाचा थांबला असेल त्यास सोबत घेऊन जाणे हे सेवेकऱ्यांच्या कामांत मोडावे.

एवढे केल्यावर कोणाच्या खिशातील बाहुली हसली काय आणि रुसली काय, आम्हांस तिची पर्वा राहणार नाही. अवतार संपला असे आपल्या परंपरेने कधीच म्हटले नाही. जो दुसऱ्याचे ओझे उचलावयास खाली उतरतो त्याच्या ठायी तो दिसतो. नगरपालिकेच्या सभेत पदपथासाठी भांडणारा नगरसेवक, प्रसादाच्या पंक्तीत साखर कमी करण्याचा आग्रह धरणारा विश्वस्त, अंधाऱ्या गल्लीत म्हाताऱ्या शेजारणीसोबत देवळापर्यंत चालणारी मुलगी, यांस कोणी अवतार म्हणणार नाही. न म्हणोत. काम तेच करीत आहेत.